देवाची स्तुती करताना आपले नाव कुठे ठेवावे?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या भगिनी एका अभियांत्रिकी कंपनीत गटप्रमुख आहेत. बराच काळ रखडलेला एक अवघड प्रकल्प त्यांच्या गटाने पूर्ण केला आणि कंपनीने त्यांचा सत्कार केला. पुढच्या रविवारी उपासनेत त्यांनी उभे राहून साक्ष दिली. आपण प्रार्थना केली, प्रभूने ती ऐकली, आणि जिथे आपल्याहून अनुभवी माणसे हरली तिथे त्याने आपल्याला यश दिले, असे त्या म्हणाल्या. उपासना संपल्यावर मंडळीतील एका वडिलांनी, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांनी, त्यांना बाजूला घेऊन सांगितले, की यात साक्ष थोडी आणि प्रौढी जास्त होती. तेव्हापासून कोणी कौतुक केले, की त्या ‘मी काहीच केले नाही, सगळे प्रभूने केले’ एवढेच म्हणतात. हे ऐकून, त्यांच्याबरोबर रात्री जागून काम केलेल्या एका तरुण सहकाऱ्याने विचारले, ‘मग आम्हीही काहीच केले नाही का?’ अप्रेझलच्या फॉर्ममध्ये स्वतःची कामगिरी लिहिण्याचा रकाना त्यांनी कोरा ठेवला आहे आणि फॉर्म देण्याची मुदत जवळ आली आहे. प्रार्थनागटातील एका मैत्रिणीची नोकरी त्याच सुमारास गेली. साक्षीनंतर ती त्यांच्याशी फारशी बोलत नाही. त्या विचारतात: ‘देवाची स्तुती करताना मी नकळत माझीच स्तुती करते आहे का, हे मला कसे कळावे? आणि ते कळत नसेल, तर साक्ष देणेच थांबवावे, हे अधिक नम्रपणाचे होणार नाही का?’

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रात तुमच्याखेरीज आणखी तीन माणसे आहेत: ज्यांना साक्ष खटकली ते वडील, ज्याचे श्रम तुमच्या एका वाक्याने पुसले गेले तो सहकारी, आणि नोकरी गमावलेली मैत्रीण. प्रश्न मात्र तुम्ही एकाच माणसाविषयी विचारला आहे, तो म्हणजे स्वतःविषयी. माझे मन शुद्ध आहे का, माझी स्तुती खरी आहे का, मी गप्प बसू का? तुम्हाला टोचावे म्हणून मी हे लिहीत नाही. असे प्रश्न प्रामाणिक माणसालाच पडतात. तरीही नम्रतेच्या शोधात निघालेला माणूस दिवसभर स्वतःचीच तपासणी करीत बसला, तर ज्यातून सुटायचे त्यातच तो अधिक रुतत जातो, आणि साक्षीनंतरचे तुमचे दिवस तसेच गेले असावेत असे पत्रावरून वाटते. म्हणून तुमच्या प्रश्नाला थेट हो किंवा नाही म्हणण्याआधी तो प्रश्न ज्या समजुतींवर उभा आहे त्या आपण जरा तपासून पाहू.

पहिली समजूत अशी दिसते, की कशाचाही अभिमान बाळगणे हेच ख्रिस्ती माणसाला वर्ज्य आहे, आणि म्हणून जितके कमी बोलावे तितके बरे. पवित्र शास्त्र असे सांगत नाही. यिर्मयाच्या नवव्या अध्यायात ज्ञान्याने ज्ञानाचा, बलवानाने बळाचा आणि श्रीमंताने श्रीमंतीचा अभिमान बाळगू नये असे म्हटले आहे खरे, पण ते वचन तिथे थांबत नाही. अभिमान बाळगायचाच असेल तर दया, न्याय व नीतिमत्ता चालवणाऱ्या परमेश्वराची ओळख आपल्याला झाली आहे याचा बाळगावा, असे पुढे लगेच येते. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना हेच वचन उचलले, आणि ती मंडळी कशी होती हे आपल्याला ठाऊक आहे: मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, असे म्हणत एकमेकांवर कुरघोडी करणारी. अशा भांडखोर मंडळीलाही पौलाने गप्प बसायला सांगितले नाही. ज्याच्याविषयी बोलायचे तो विषयच बदलायला सांगितले. मूक राहणे हा त्याने सुचवलेला उपाय नव्हता, हे तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

दुसरी समजूत अधिक खोल आहे, आणि माझ्या मते तुमची खरी अडचण तिच्यातच आहे. वाक्याचा कर्ता देव असला की ती स्तुती झाली आणि कर्ता ‘मी’ असला की ती प्रौढी झाली, असे तुम्ही धरून चालला आहात. साक्षीच्या वेळी तुम्ही ‘प्रभूने दिले’ असे म्हणालात, म्हणून ती स्तुतीच असणार असे तुम्हाला वाटले. ती टीकेला पात्र ठरल्यावर तुम्ही ‘मी’ हा शब्दच भाषेतून काढून टाकला. दोन्ही वेळा भरवसा वाक्यरचनेवर होता. लूकच्या अठराव्या अध्यायातील परूश्याची, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाची, प्रार्थना या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. तिची सुरुवातच ‘हे देवा, मी तुझे आभार मानतो’ अशी आहे. आपल्या चांगुलपणाचे श्रेय तो उघडपणे देवाला देतो आहे. आठवड्यातून दोनदा उपास आणि सर्व उत्पन्नाचा दशांश, हे जे तो सांगतो ते खोटे असल्याचेही प्रभू येशू कुठे म्हणत नाही. मग बिघडले कुठे? मागे उभ्या असलेल्या जकातदाराकडे त्याने टाकलेल्या एका कटाक्षात. लूकनेही दाखल्याच्या आधीच सांगून ठेवले आहे, की स्वतःच्या नीतिमत्त्वावर भरवसा ठेवून इतरांना तुच्छ लेखणाऱ्यांना उद्देशून हा दाखला सांगितला गेला. आभार देवाचे मानले आणि मोजमाप शेजाऱ्याशी केले, म्हणजे त्या आभारातून देव बाजूला पडतो आणि उरतो तो शेजाऱ्यापेक्षा वर चढलेला माणूस.

हे लक्षात ठेवून तुमची साक्ष पाहिली, तर ‘जिथे माझ्याहून अनुभवी माणसे हरली’ एवढेच शब्द मला खटकतात. बाकी साक्षीत वावगे काही नाही. प्रार्थना केली हे खरे आहे, मदत मिळाली असे तुम्हाला मनापासून वाटले हेही खरे आहे, आणि त्याबद्दल मंडळीत उभे राहून आभार मानणे हे जुन्या करारापासून चालत आलेले काम आहे. पण हरलेल्या माणसांचा उल्लेख आला आणि ऐकणाऱ्यांच्या मनात तुलना सुरू झाली. वडिलांचे शब्द कदाचित कठोर असतील, आणि उपासना संपताक्षणी ते बोलायची घाईही केली नसती तरी चालले असते. तरीही त्यांच्या कानाने जे टिपले ते अगदीच निराधार नव्हते असे मला वाटते. मात्र एका वाक्यांशावरची हरकत तुम्ही संपूर्ण साक्षीवरचा आणि स्वतःवरचा निकाल म्हणून घरी नेली. तेवढे नेण्याची गरज नव्हती.

आता त्या तरुण सहकाऱ्याकडे वळतो, कारण त्याच्या प्रश्नात तुमची तिसरी समजूत उघडी पडते. श्रेय ही जणू ठरावीक रक्कम आहे, ती माणसांना दिली तर देवाच्या वाट्याला तेवढी कमी येते, असे तुम्ही मानले. नहेम्याचे पुस्तक या हिशोबाने चालत नाही. यरुशलेमेचा तट 52 दिवसांत पुरा झाला, आणि शेजारच्या शत्रूंनाही कळून चुकले, की हे काम देवाच्या साहाय्याने झाले आहे, असे सहाव्या अध्यायात लिहिले आहे. पण त्याच पुस्तकाचा तिसरा अध्याय आपण बहुतेक जण वाचायचा कंटाळा करतो, कारण त्यात नुसती नावे आहेत: कोणी कोणती वेस बांधली, कोणाच्या शेजारी कोणी डागडुजी केली, याची लांबलचक यादी. प्रमुख याजक आहे, सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारा आहे, आणि शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलीही आहेत. तकोवच्या ज्या सरदारांनी या कामाला खांदा दिला नाही, त्यांचीही नोंद त्यात चुकलेली नाही. ‘सगळे देवाने केले’ असे म्हणून नहेम्याला हा अख्खा अध्याय गाळता आला असता. त्याने तो गाळला नाही, आणि तटाच्या कामातले देवाचे श्रेय त्यामुळे कणभरही कमी झाले नाही.

पौलाचेही तसेच. आपण जे काही आहोत ते देवाच्या कृपेने आहोत, असे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात लिहिताना, बाकी सगळ्या प्रेषितांपेक्षा आपण अधिक श्रम केले, हेही तो त्याच दमात सांगतो आणि लगेच जोडतो, की ते श्रम करणारी आपल्याबरोबरची देवाची कृपा होती. तुमच्या सध्याच्या नियमानुसार या वाक्याचा मधला भाग गाळावा लागेल. पौलाने तो ठेवला, कारण तो खरा होता. अनुवाद या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे लोकांना बजावतो, की ही संपत्ती आम्ही आमच्या बाहुबलाने मिळवली असे मनात आणू नका, कारण ती मिळवण्याचे सामर्थ्य देणारा परमेश्वर आहे. सामर्थ्य देणारा तो आहे, असे तिथे म्हटले आहे. माणसाने हात हलवलेच नाहीत असे म्हटलेले नाही. ‘मी काहीच केले नाही’ हे वाक्य ऐकायला नम्र वाटते, पण ते साफ खोटे आहे, आणि खोट्या वाक्याने देवाचा गौरव होईल अशी अपेक्षा आपण ठेवू नये. शिवाय स्वतःबद्दल ते बोलताना तुम्ही ते तुमच्या गटाबद्दलही बोलता. स्वतःचे श्रेय सोडून देण्याचा अधिकार तुम्हाला आहे. त्या मुलाच्या जागरणांचे श्रेय सोडून देण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

योसेफाची गोष्ट इथे उपयोगी पडेल, कारण एकच माणूस दोन वयांत आपल्याला दिसतो. सतराव्या वर्षी तो आपली स्वप्ने भावांना सांगतो. भावांच्या पेंढ्या त्याच्या पेंढीला नमन करतात. सूर्य, चंद्र आणि अकरा तारे त्याच्यापुढे वाकतात. ती स्वप्ने पुढे खरी ठरली, म्हणजे त्याने खोटे काही सांगितले नव्हते. त्याने प्रौढी मिरवली असेही शास्त्र म्हणत नाही, आणि आपणही त्याच्या तोंडी तो हेतू घालू नये. पण आधीच बापाच्या पक्षपातामुळे दुखावलेल्या भावांना ती स्वप्ने ऐकवून त्यांच्या हाती काय पडले? द्वेष तेवढा वाढला. तेरा वर्षांनी, तिसाव्या वर्षी, तो फारोपुढे उभा राहतो. स्वप्नांचा अर्थ सांगणारा अशी त्याची ख्याती फारोच्या कानी गेलेली आहे. योसेफ पहिल्याच वाक्यात सांगतो, की हे माझ्याकडचे नव्हे, उत्तर देव देईल. पण तेवढे बोलून तो खाली मान घालून उभा राहत नाही. तो अर्थ सांगतो आणि मग कोणी विचारलेले नसताना योजनाही मांडतो: सुकाळाच्या सात वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा साठवा, त्यासाठी एक समंजस माणूस नेमा. देवाला श्रेय देणे आणि स्वतःची बुद्धी पूर्ण वापरणे या दोन गोष्टी तिथे एकमेकींच्या आड येत नाहीत. आणखी एक फरक असा, की पहिल्या वेळी त्याच्या बोलण्यात तो स्वतः मध्यभागी होता. दुसऱ्या वेळी मध्यभागी होती पुढे येणारी उपासमार आणि त्या उपासमारीत सापडणारे लोक.

हा फरक मनात ठेवून चौतिसावे स्तोत्र वाचा. दावीद तिथे म्हणतो, की माझा जीव परमेश्वराच्या ठायी प्रतिष्ठा मिरवील, आणि पुढच्याच ओळीत सांगतो, की दीन ते ऐकून हर्ष करतील. तुम्ही विचारले आहे, की स्तुती आणि आत्मस्तुती यांतला फरक कसा ओळखावा. मला मिळालेली सगळ्यात वापरण्याजोगी कसोटी याच ओळीत आहे, आणि ती आपल्या अंतःकरणाच्या तळाशी डोकावायला सांगत नाही, बाहेर बघायला सांगते. सभेत बसलेला सगळ्यात खचलेला माणूस हे ऐकून जरा ताठ बसेल, की आणखी खाली जाईल? ‘अशा देवाकडे मीही जाऊ शकतो’ असे त्याला वाटेल, की ‘हिच्यासारख्यांचेच तो ऐकतो’ असे वाटेल?

या स्तोत्राचा मथळाही वाचण्यासारखा आहे. अबीमलेखापुढे दावीदाने वेडाचे सोंग घेतले आणि त्याने हाकलून दिल्यावर तो निघून गेला, त्या वेळचे हे स्तोत्र, असे तिथे म्हटले आहे. पहिल्या शमुवेलाच्या एकविसाव्या अध्यायात, जिथे राजाचे नाव आखीश असे दिले आहे, तो प्रसंग सविस्तर आहे: गल्याथाला मारणारा वीर शत्रूच्या दरबारात दारांवर रेघोट्या मारतो आणि दाढीवर लाळ गाळतो. जिवावरच्या संकटातून तो सुटला, पण कुणाला अभिमानाने सांगावे असे त्या सुटकेत काही नव्हते. परमेश्वराच्या ठायी प्रतिष्ठा मिरवण्याची भाषा त्याला नेमकी अशा वेळी सुचली. पौलही करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, विरोधक आपापली मोठेपणाची यादी वाचून दाखवत असताना, आपल्या यादीच्या शेवटी काय ठेवतो? दिमिष्कात राजाच्या अंमलदाराच्या हातून निसटण्यासाठी आपल्याला तटाच्या खिडकीतून पाटीत बसवून खाली सोडले, ही गोष्ट. साक्ष देताना आपण बहुतेक वेळा ही पाटी वगळतो आणि थेट विजयावर येतो. प्रकल्पाच्या मधल्या काळात तुम्ही कधी रडला असाल, कोणावर उगाच ओरडला असाल, प्रार्थना करायचाही कंटाळा आला असेल. ते साक्षीत असते, तर नोकरी गेलेल्या तुमच्या मैत्रिणीला त्यात बसायला जागा मिळाली असती.

त्या मैत्रिणीविषयी मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात नाजूक भाग तिचा आहे आणि तुम्ही तो एका ओळीत आटोपला आहे. ‘मी प्रार्थना केली आणि प्रभूने ती ऐकली’ हे वाक्य आपण सहज बोलतो. पण त्याच दिवसांत तीही प्रार्थना करीत होती. तिने तुमच्या वाक्याचा अर्थ काय लावावा? तिची ऐकली गेली नाही, असा? तिची श्रद्धा उणी पडली, असा? तुम्हाला तसे म्हणायचे नव्हते हे मला ठाऊक आहे, तिलाही बहुधा ठाऊक असेल, पण ऐकताना जखमेवर बोट पडायचे ते पडलेच. यावर उपाय म्हणून यश लपवावे असे मी म्हणणार नाही. उपाय हा, की आपली स्तुती आपल्या निकालावर टांगलेली नसावी. हबक्कूक आपल्या पुस्तकाच्या शेवटी म्हणतो, की अंजिराला फुले आली नाहीत, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात पीक नाही, मेंढवाड्यात मेंढरे नाहीत आणि गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. प्रकल्प फसला असता तर देवाविषयी तुम्ही काय बोलू शकला असता, याचा विचार करा. जे तेव्हाही खरे राहिले असते, ते तुमच्या साक्षीचा गाभा व्हायला हवे होते. यश हा त्यातला एक तपशील. जी स्तुती फक्त जिंकलेल्यांना करता येते ती उपासनेत ऐकणे मलाही जड जाते, हे इथे सांगून टाकतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचा उरलेला भाग: मन शुद्ध आहे याची खात्री नसेल तर गप्प बसणे बरे नाही का? मला तसे वाटत नाही. अशी खात्री कुणालाच कधी मिळणार नाही. पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात लिहितो, की आपल्याला स्वतःविरुद्ध काही दिसत नाही, पण तेवढ्याने आपण निर्दोष ठरत नाही. आपण स्वतःचाही न्याय करीत नाही, न्याय करणारा प्रभू आहे. म्हणजे हेतूंची शेवटची छाननी हे काम आपल्याकडे सोपवलेलेच नाही. ते आपण ओढून घेतले, की त्यातून एक नवीनच गंमत सुरू होते: आपण किती नम्र आहोत याचे आपल्याला बरे वाटू लागते, मग त्या बरे वाटण्याची लाज वाटते, मग त्या लाजेचे कौतुक वाटते, आणि या चक्रात देव कुठेच नसतो. मनात प्रौढीचा अंश सापडला तर तो त्याच जागी प्रभूपुढे कबूल करा आणि पुढे चला. शंभर टक्के शुद्ध हेतूची वाट पाहिली असती तर एकही स्तोत्र लिहिले गेले नसते.

गप्प बसण्याला नम्रता समजण्यात आणखी एक धोका आहे, आणि हा परिच्छेद मी तुमच्याहून अधिक इतर काही वाचकांसाठी लिहितो आहे. काही घरांत आणि काही मंडळ्यांत नम्रतेचा उपदेश फक्त ज्यांच्या हाती सत्ता नाही त्यांनाच केला जातो. तरुणांनी, स्त्रियांनी, नव्याने आलेल्यांनी नम्र असावे. वडीलधाऱ्यांच्या कार्याचे मात्र फलक लागावेत. मोशे पृथ्वीवरच्या सर्व माणसांपेक्षा नम्र होता असे गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात लिहिले आहे, आणि हाच नम्र माणूस फारोच्या तोंडावर ‘माझ्या लोकांना जाऊ दे’ हा परमेश्वराचा निरोप देऊन आला होता. कोणी तुमचे तोंड बंद करण्यासाठी नम्रतेचे नाव घेत असेल, तर त्याला हा मोशे दाखवावा.

आता फॉर्म. तो भरा, आणि मुदतीच्या आत भरा. विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देणे ही प्रौढी नव्हे, तो हिशोब आहे, आणि ज्यांच्याकडून आपण वेतन घेतो त्यांना तो देणे लागतो. काय केले, किती वेळात केले, कोणाबरोबर केले आणि काय जमले नाही, हे आकड्यांसह लिहावे; ‘असामान्य’ आणि ‘अभूतपूर्व’ असली विशेषणे गाळली, की प्रौढीचा बराचसा प्रश्न आपोआप मिटतो. गटातल्या प्रत्येकाचे नाव त्याच्या कामासह आले पाहिजे, नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायासारखे. देवाचे नाव त्या रकान्यात घालण्याची गरज नाही. तिथे त्याचा गौरव तुमच्या अचूकपणातून होईल. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख आपल्या अनेक धार्मिक रचनांच्या हस्तलिखितांच्या आरंभी ‘येशू, साहाय्य कर’ आणि शेवटी ‘केवळ देवाला गौरव’ या अर्थाची लॅटिन आद्याक्षरे लिहीत असे. आपल्या छापील संगीताच्या मुखपृष्ठांवर त्याने स्वतःचे नावही घातले, आणि 1730 मध्ये लाइपझिगच्या नगरपरिषदेला चर्चमधील संगीतासाठी किती आणि कोणत्या दर्जाचे गायक-वादक लागतात हे स्पष्ट शब्दांत लिहून कळवले. ती आद्याक्षरे त्या निवेदनाच्या आड आली नाहीत.

कोणी कौतुक केले तर ‘धन्यवाद, हे ऐकून आनंद झाला’ असे म्हणून ते स्वीकारावे आणि ज्यांचा हात लागला त्यांची नावे त्याच वाक्यात घ्यावीत. कौतुक परतवून लावणे हे पुष्कळदा समोरच्याचे दान नाकारणे असते, आणि कधी कधी तर त्याने आणखी आग्रह करावा यासाठीचे ते आमंत्रण असते. ‘हे सामर्थ्य प्रभूने दिले असे मी मानते’ हेही जरूर म्हणावे, पण ते जिथे ऐकणाऱ्याला खरोखर ऐकायचे असेल तिथे. प्रत्येक अभिनंदनाला चिकटवलेले धार्मिक शेपूट लवकरच कोणाच्याही कानात शिरेनासे होते. सोशल मीडियावर लिहिणाऱ्या वाचकांनाही एवढेच सांगेन, की फोटो तुमचा, पदक तुमचे आणि खाली छोट्या अक्षरांत ‘देवाला गौरव’ असे असेल, तर त्या दोन शब्दांकडून आपण फार मोठ्या कामाची अपेक्षा करतो आहोत. स्तुतीतला मोठा वाटा कोणी पाहत नसताना, दार लावून करावा. तिथे प्रेक्षक नसतात, त्यामुळे शब्द निवडताना आपोआपच प्रामाणिकपणा येतो.

सहकाऱ्याशी मात्र लवकर बोला, आणि मेलवर बोलू नका. त्याला देवाविषयीचे स्पष्टीकरण देऊ नका. ‘तू काय केलेस ते मला माहीत आहे, आणि मी ते बोलायला हवे होते’ एवढे पुरे, आणि मग तेच गटासमोरही सांगा. मैत्रिणीकडे जाताना तुमच्या साक्षीचा विषय तिने काढल्याशिवाय काढू नका. तिच्या अर्जांचे काय झाले ते विचारा, कुठे ओळख असेल तर तिच्यासाठी शब्द टाका, आणि ती देवावर रागावलेली असेल तर तिला रागावू द्या. स्तोत्रसंहितेत तशीही प्रार्थना भरपूर आहे.

राहिले ते वडील. त्यांना टाळू नका. येत्या रविवारी गर्दी ओसरल्यावर त्यांच्याजवळ जा आणि विचारा, की साक्षीतले नेमके कोणते शब्द त्यांना खटकले. मी वर अंदाज केला आहे, पण तो माझा अंदाज आहे. त्यांचे उत्तर वेगळेही असू शकेल. त्यांनी एखादे वाक्य दाखवले तर ते ऐकून घ्या. त्यांना वाक्य सांगता आले नाही आणि ‘एकंदरीत तसे वाटले’ एवढेच ते म्हणाले, तर आभार मानून विषय तिथेच सोडा आणि पुन्हा साक्ष देण्याची वेळ येईल तेव्हा उभ्या राहा. फक्त त्याआधी सभागृहावर एकदा नजर फिरवून, आज इथे कोण खचून बसले आहे ते पाहून घ्या, आणि बोलताना त्या माणसाला समोर ठेवून बोला.